डोळे मिटून ऐकायची गाणी

बाइंडिंगच्या कारखान्यात शेवटचं मशीन बंद झालं की बाकीच्या बायका सुटकेचा श्वास टाकायच्या. "हुश्श, कान परत आले बाई," असं कुणीतरी म्हणायचंच. डिंकीचे कान मात्र नेमके तेव्हाच जायचे.

मशीन चालू असेतो तिचं सगळं ठीक असायचं. घडीचं मशीन धडधडत कागद दुमडून पुढे ढकलायचं, पलीकडे कटिंगचं पातं धप्पकन खाली यायचं, आणि त्या गदारोळात साधं 'डिंक संपला' सांगायचं तरी बायकांना बेंबीच्या देठापासून ओरडावं लागायचं. त्यामुळे डिंकीला सगळं ऐकू यायचं. कुणाच्या नणंदेनं काय टोमणा मारला, कुणाच्या नवऱ्यानं काय दिवे लावले, सगळं. "हिचे कान बघा, मशीनच्या वरताण," असं सुपरवायझर कौतुकानं म्हणायचा. पण मशीन थांबलं, बायका आपापल्या नेहमीच्या आवाजावर आल्या, की ओठ हलताना दिसायचे आणि शब्द लोकरीत गुंडाळल्यासारखे यायचे. मग डिंकी घाईघाईनं डबा पिशवीत टाकायची आणि तोंडावर हसू ठेवून निघायची. हसून मान हलवली की बहुतेक गोष्टी निभावतात, हे बाळंतपणानंतर ती चांगलं शिकली होती.

जे निभावलं नाही, ते एका शनिवारी.

डिंकी हे काही तिचं खरं नाव नव्हे. पुस्तकांना डिंक लावते आणि माणसांनाही चिकटते, म्हणून मैत्रिणींनी ठेवलेलं. मैत्रिणी दोन. उंच, काटकुळी, वाऱ्यानं हलेल अशी ती सुतळी. आणि दोघींच्या आंघोळीचे नंबर लावणारी, भांडी कुणी घासायची ते ठरवणारी, ती मास्तर. मास्तर पुढे खरोखरच शाळेत गणित शिकवायला लागली, तेव्हा सुतळी म्हणाली होती, "आता पगार मिळेल, एवढाच काय तो फरक."

शिकत असताना तिघी एका भाड्याच्या खोलीत राहायच्या. खोलीत एक खिडकी, एक शेगडी आणि एक जुना स्पीकर. कुणाचं तरी डोकं फिरलं, कुणाला घरची आठवण आली, की तिनं उठून एक गाणं लावायचं. का लावलं ते सांगायचं नाही. बाकीच्या दोघींनी हातातलं काम टाकून फरशीवर आडवं व्हायचं, डोळे मिटायचे, आणि गाणं संपल्यावर काय दिसलं ते सांगायचं. 'छान' म्हणायला बंदी होती. ही बंदी अर्थात मास्तरची. "छान म्हणजे ऐकलंच नाही," ती म्हणायची. "जी छान म्हणेल तिनं उठून चहा करायचा." सुरुवातीला चहा सारखा सुतळीच करायची. मग तिलाही दिसायला लागलं. ओला रस्ता, कुणाचं तरी न उचललेलं सामान, जिन्यात बसलेला म्हातारा. त्या खोलीत एकमेकींची दुःखं त्यांनी अशीच ऐकून घेतली, एकही प्रश्न न विचारता.

मग तिघी तीन गावांना गेल्या. सुतळीनं फोनवर एक प्लेलिस्ट काढली, तिघींनाही गाणी टाकता येतील अशी. तिचं नाव ठेवलं 'डोळे मिटा'. दर शनिवारी प्रत्येकीनं एक गाणं टाकायचं आणि दुसरीच्या गाण्याखाली, तिघींच्या ग्रुपवर, काय दिसलं ते लिहायचं. गाणं काढायचं असेल तर फक्त स्वतःचं काढायचं, दुसरीच्याला हात लावायचा नाही. पण काढलं कुणीच नव्हतं कधी. मास्तरचा साखरपुडा मोडला तेव्हाची गाणी तिथे होती. डिंकीला दिवस गेल्याचं तिच्या आईच्याही आधी त्या यादीतल्या एका गाण्यावरून दोघींना कळलं होतं.

बबडी पोटात असतानाच डिंकीच्या कानातून एकेक गोष्ट उतरायला लागली. आधी पुरुषांचे आवाज गेले, मग ढोलकी, मग गाण्याचा सगळा तळच गेला. उरली ती वरची साय. एखादी बासरी, झांज, तारेवरची किणकिण. फोनचा आवाज पूर्ण वर नेला तरी गाणं म्हणजे नुसते सांडलेले मणी. मग तिनं एक युक्ती काढली. मास्तर काय लिहिते त्याची वाट बघायची आणि तिच्या चित्राच्या शेजारचं चित्र लिहायचं. मास्तरला नदी दिसली तर हिनं होडी लिहायची. तिला रिकामं घर दिसलं तर हिनं दाराला लावलेलं कुलूप. गंमत म्हणजे एकदा मास्तरनं कौतुकही केलं, "डिंके, बाळ झाल्यापासून तुझे कान तयार झालेत हं." ते वाचून डिंकी मोरीत जाऊन रडून आली होती.

सांगून का टाकलं नाही? तिच्या माहेरी एक आत्या होती. ठार बहिरी नव्हे, पण ऐकू कमीच. जेवायला सगळी बसली की हसणं-खिदळणं चालायचं, आत्या घास हातात धरून एकेकाच्या तोंडाकडे बघायची आणि विचारायची, "काय झालं रे? काय म्हणाला तो?" आणि जो शेजारी असेल तो म्हणायचा, "काही नाही." वाईट कुणीच नव्हतं. फक्त पुन्हा सांगायचा कंटाळा. लहानपणी डिंकीनंही तसंच म्हटलं होतं. पुढे पुढे आत्यानं विचारणंच सोडलं आणि ती भरल्या ताटावर पाहुण्यासारखी बसू लागली. डिंकीला बहिरेपणाची भीती नव्हती तेवढी त्या दोन शब्दांची होती. आज ना उद्या सुतळी आणि मास्तर ते म्हणणार. आधी दया येऊन गाणी टाकणं बंद करतील, मग हळूच, प्रेमानंच, 'काही नाही' म्हणतील.

त्या शनिवारी सुतळीनं गाणं टाकलं. तिचे वडील नुकतेच गेले होते. डिंकी ओल्या बाळंतिणीसारखीच घरात अडकलेली, बबडी तापानं फणफणलेली, त्यामुळे तिला जाता आलं नव्हतं. फोनवर दोघी नुसत्या रडल्या होत्या. त्यानंतरचं हे सुतळीचं पहिलंच गाणं. मास्तरच्या शाळेत परीक्षा चालू होत्या, तिचं काही येईना. डिंकी दुपारपर्यंत थांबली. संध्याकाळ झाली तरी मास्तर गप्पच. आणि सुतळीला आज थांबवून ठेवायचं हे काही बरं नव्हतं.

तिनं बबडीला थोपटत एका हातानं कानात इयरफोनची बोंडं घातली, डोळे मिटले आणि जीव एकवटून ऐकलं. कुठेतरी एक लहानशी घंटा वाजत होती. थांबून थांबून, पण स्वच्छ. तिच्यामागे बारीक तारेचा आवाज. बस्स. तिनं गाणं पुन्हा लावलं. घंटा, तार, घंटा. तिनं लिहिलं, 'शाळा सुटली. मुलं उड्या मारत घरी निघालीत. एकाच्या हातात घंटा आहे, तो ती वाजवतच सुटलाय. दारात कुणीतरी त्याची वाट बघतंय.'

लिहिलं आणि तिला बरंसुद्धा वाटलं. स्वतःचं, उसनं न घेतलेलं असं पुष्कळ दिवसांनी काहीतरी लिहिलं होतं.

सकाळी यादीत ते गाणं नव्हतं. दुपारी बघितलं तर सुतळीचं एकही गाणं नव्हतं. मास्तरला नदी दिसली होती ते, रिकामं घर दिसलं होतं ते, सगळी गेली. यादी दात पडलेल्या तोंडासारखी दिसत होती.

सोमवारी मास्तरचा फोन आला, डिंकी कारखान्यात असताना. डिंकी घडीच्या मशीनला पाठ टेकून उभी राहिली, म्हणजे पलीकडून मास्तर ओरडेल.

"कुठे उभी आहेस तू? रणगाड्यात?" मास्तर ओरडली.

"कामावर. बोल."

"तू काय लिहिलंस ते परत वाचलंस का?"

"काय झालं पण?"

"शाळा सुटली म्हणे! उड्या मारतायत म्हणे! अगं, तिच्या बाबांचं गाणं होतं ते. दिवसभर काम करताना गुणगुणायचे. किती धीरगंभीर आवाज आहे त्या गाण्यात, आणि तुला उड्या दिसतात?"

डिंकीच्या हातातला फर्मा, म्हणजे घडी घातलेल्या पानांचा गठ्ठा, खाली पडला. पानं पायाशी पसरली.

"मला माहीत नव्हतं..."

"माहीत नसतंच आपल्याला! न सांगताच तर टाकतो आपण. ऐकायला काय झालं होतं? बाळाला घेऊन, भांडी घासत, अर्ध्या कानानं ऐकलंस ना? खरं सांग."

इथे सांगता आलं असतं. शब्द जिभेवर आलेही. पण आत्या तशीच घास हातात धरून समोर बसली.

"हो," डिंकी म्हणाली. "अर्ध्या कानानंच ऐकलं."

पलीकडे मास्तर काही बोलली नाही. निदान डिंकीला तरी काही ऐकू आलं नाही.

तिनं सुतळीला पुन्हा पुन्हा 'चुकलं माझं' म्हणून लिहिलं. सुतळीचं उत्तर आलं, 'ठीक आहे.' शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. 'मला ऐकू येत नाही' असंही डिंकीनं लिहून पाहिलं. ते बहाण्यासारखं दिसायला लागलं, तिनं ते पुसलं. पुढच्या शनिवारी मास्तरनंही गाणं टाकलं नाही. डिंकीनं एक टाकलं, लग्नाच्या आधीचं पाठ असलेलं. त्याखाली कुणीच काही लिहिलं नाही.

घरी सासूबाई होत्याच. नवरा मालगाडीवर, आठवड्यातले निम्मे दिवस बाहेर. सासूबाई बबडीला सांभाळायच्या जिवापाड, पण सुनेबद्दल त्यांचं मत दिवसेंदिवस खाली चाललं होतं. "हाका मारून मारून माझा घसा बसला, पण राणीसाहेब वळतील तर शपथ," असं त्या भिंतीला सांगायच्या. भिंतीला सांगितलेलं डिंकीला कुठलं ऐकू यायला! त्या आणखी चिडायच्या.

एका दुपारी सासूबाई औषधाच्या दुकानात गेल्या होत्या. बबडी आतल्या खोलीत झोपलेली. डिंकी बाहेर, दाराकडे पाठ करून, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. इवली झबली, इवले मोजे. कितीतरी वेळानं तिच्या खांद्यावर हात पडला. वळून बघते तो सासूबाई, आणि त्यांच्या कडेवर लालबुंद, हुंदके देणारी, घामानं केस कपाळाला चिकटलेली बबडी. पलंग आणि भिंत यांच्या फटीत सरकून अडकली होती. लागलं नव्हतं. पण रडून रडून तिचा आवाज पार बसला होता.

सासूबाई आता खूप बोलणार, असं समजून डिंकीनं मान खाली घातली. त्या बोलल्या नाहीत. तिच्या हनुवटीला हात लावून त्यांनी तिचं तोंड वर केलं आणि सावकाश विचारलं, "जिन्यातूनच ऐकू येत होतं गं मला. तुला नाही आलं?"

डिंकीनं मान हलवली. नाही.

"आणि माझ्या हाका?"

"नाही, आई."

सासूबाई मटकन खाली बसल्या. "आणि मी मेली तुला रोज मगरूर म्हणत होते." मग बबडी आईच्या मांडीवर देऊन त्या उठल्या, पदर नीट केला आणि म्हणाल्या, "चल. आत्ताच्या आत्ता दाखवून येऊ." त्या क्षणापासून त्या डिंकीशी असं ओरडून बोलायला लागल्या की शेजारणी भांडण लागलं म्हणून खिडकीत आल्या.

कानाचा डॉक्टर तरुण होता, मृदू बोलणारा. म्हणजे डिंकीच्या दृष्टीनं कुचकामी. ते लक्षात येताच त्यानं खुर्ची पुढे ओढली आणि तिच्या तोंडासमोर बसला. त्यानं दोन दात्यांचा एक लोखंडी काटा टेबलावर आपटून तिच्या कानाजवळ धरला. "येतंय?" कुठेतरी लांब, पुसट. मग त्यानं त्याच काट्याची दांडी तिच्या कानामागच्या हाडावर टेकवली.

डिंकी दचकली. एक खोल, भरदार आवाज तिच्या कवटीत उतरला, रिकाम्या घरात कुणी दिवा घेऊन शिरावं तसा. असा जाड, खालचा आवाज तिनं किती महिन्यांत ऐकला नव्हता. काटा थरथरायचा थांबेपर्यंत ती हललीच नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते सासूबाईंनी पुसलं.

"आतली नस चांगली आहे," डॉक्टर म्हणाला. "आवाज पोचवणारं एक इवलंसं हाड असतं, ते घट्ट बसलंय. हलत नाही. घरात कुणाला होतं असं?"

"आत्याला."

"बाळंतपणात वाढतं कधी कधी. आता कानाचं मशीन मागवू, यायला थोडे दिवस लागतील. पुढे ऑपरेशनही करता येतं, बऱ्याच जणांना फरक पडतो. पण बघू, घाई नको."

परत येताना रस्त्याच्या मधोमध सासूबाई ओरडल्या, "त्या तुझ्या उंच मैत्रिणीला सांगितलंस का?"

"नाही."

"मग कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही."

"धन्य आहे," सासूबाई म्हणाल्या. दोन अनोळखी माणसं वळून बघायला लागली.

रविवारी डिंकीनं बबडीला कडेवर घेतलं, पिशवीत दुपटी भरली आणि सुतळीच्या गावची बस धरली. आधी कळवलं नाही. कळवलं असतं तर सुतळीनं 'कशाला येतेस' असं लिहिलं असतं, आणि ते वाचून डिंकी घरीच बसली असती.

सुतळीचे वडील शिवणाची मशीनं दुरुस्त करायचे. घराच्या पुढच्या खोलीत अजून तीच तशीच उभी होती. काहींना चिठ्ठ्या लटकवलेल्या, काहींचं पोट उघडं. तेलाचा वास. खिडकीपाशी त्यांची उंच पाठीची खुर्ची, तिच्यावर घडी घातलेलं फडकं. सुतळीनं दार उघडलं, डिंकीकडे बघितलं, बबडीकडे बघितलं, आणि बबडीला उचलून घेतलं. डिंकीला 'ये' म्हणाली की नाही ते कळलं नाही. ती आत आली.

खोली अगदी शांत होती, एकही मशीन चालू नव्हतं. सुतळी पाठमोरी, बबडीला खिडकीतून काहीतरी दाखवत बोलत होती. तिचे खांदे हलत होते. बोलणं डिंकीशी होतं की बाळाशी?

"हो ना," डिंकी अंदाजानं म्हणाली.

सुतळी गर्रकन वळली. "हो ना? मी विचारलं, कशाला आलीस, आणि तू म्हणतेस हो ना?"

एवढं तिच्या ओठांवरून कळलं. डिंकीनं आजूबाजूला बघितलं. जवळच्या टेबलावर विजेवर चालणारं एक मशीन होतं, खाली पायाचं बटण.

"ते मशीन चालू होतं का?"

"काय?"

"ते चालू कर. दोरा नको घालूस. नुसतं रिकामं चालव. मग बोल."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"सुतळे, पाया पडते तुझ्या. चालव."

सुतळी वडिलांच्या खुर्चीत बसली, बबडीला मांडीवर घेतलं आणि चिडून बटणावर पाय दाबला. मशीन घरघरायला लागलं. खोली भरून गेली. त्या आवाजावर सुतळी ओरडली, "झालं समाधान? आता बोल!"

आणि डिंकीला ते लख्ख ऐकू आलं. ओरडणं, त्यातला राग, रागाखालचा कापरा आवाज, सगळं.

"मला ऐकू येत नाही," ती म्हणाली. "आवाज असला, तुम्ही ओरडलात, की येतं. शांततेत नाही. तुझ्या गाण्यातली मला फक्त घंटा ऐकू आली."

सुतळीचा पाय बटणावरून उचलला गेला. मशीन थांबलं. तिचे ओठ हलले.

"दाब, दाब. काही कळत नाही मला."

पुन्हा घरघर. "कधीपासून?"

"बबडी पोटात होती तेव्हापासून."

"आणि आम्हाला सांगितलं नाहीस? ती मास्तर पायाला कुरूप झालं तरी फोटो पाठवते! आणि तू एवढी मोठी गोष्ट पोटात घालून बसलीस?"

"तुम्ही गाणी टाकायची बंद केली असती."

"का बंद करू?"

"दया येऊन. आणि मग मी 'काय म्हणालीस' असं विचारलं असतं, दोनदा, चारदा, आणि एक दिवस तू 'काही नाही' म्हणाली असतीस." ती आत्याबद्दल बोलली. घासाबद्दल बोलली. मास्तरची चित्रं उसनी घेतल्याचंही सांगून टाकलं. होडीचं, कुलपाचं.

"ते कुलूप तुझं नव्हतं?" सुतळी ओरडली. "अगं, मला ते कुलूप इतकं आवडलं होतं!"

"कुलूप माझंच. घर मास्तरचं."

सुतळीला हसू आलं की रडू ते मशीनच्या आवाजात कळण्यासारखं नव्हतं. तिचा पाय बटणावरच होता. तिच्या मांडीवर बबडी त्या घरघरीनं पेंगुळली होती.

"बाबांना शब्द पाठ नव्हते त्या गाण्याचे," सुतळी म्हणाली, मोठ्यानं, एकेक शब्द वेगळा काढून. "तोंडात स्क्रू धरलेले असायचे, त्यामुळे नुसतं हूं हूं करायचे. शेवटी शेवटी दवाखान्यात त्यांना ते लावून द्यावं असं मला फार वाटत होतं. पण खोलीत दुसरी आजारी माणसं होती. मला संकोच वाटला. उद्या कानात लावून देऊ म्हटलं. तो उद्या आलाच नाही. मग तुम्हाला दिलं. म्हटलं, निदान या दोघी तरी नीट ऐकतील."

डिंकी पुढे झाली आणि खाली, तिच्या पायांशी बसली. थोड्या वेळानं सुतळीनं मशीन बंद केलं. शांतता परत आली. ती फोन शोधायला लागली तसा डिंकीनं तिचा हात धरला.

"फोनमधून नाही यायचं. पुन्हा घंटाच येईल." तिनं केस बाजूला करून कानामागचं हाड दाखवलं. "डॉक्टरनं इथे काटा टेकवला होता. इथून येतं. तू म्हण."

सुतळीनं तोंडासमोर येऊन, ओठ मोठे हलवून सांगितलं, "मला गाता येत नाही. माहितीये तुला."

"बाबांसारखं म्हण. हूं हूं."

सुतळी खुर्चीतून वाकली. मांडीवरचं बाळ सावरत तिनं आपली हनुवटी डिंकीच्या कानामागे टेकवली. टोकदार, हाडकुळी हनुवटी, रुतली. क्षणभर काहीच झालं नाही. नुसता श्वास. मग आत कुठेतरी, कानातून नव्हे, डोक्याच्या मध्यातून, एक आवाज निघाला. खाली, जाड, खरखरीत. मधेच सूर सुटत होता, सुतळी थांबत होती, पुन्हा पकडत होती. चाल संथ होती. ती चढायची नाहीच. एक पायरी वर जाऊन परत येऊन बसायची, दिवसभराच्या कामानं दमलेल्या माणसासारखी. डिंकीला आता कळलं की ती घंटा कुठे वाजत असणार. चाल खाली येऊन बसली की, तिथे. तिनं मनातच ती तिथे वाजवली.

तिचे डोळे आपोआप मिटले होते. सुतळीच्या गालावरचं पाणी तिच्या मानेवर ओघळत होतं, तरी हनुवटी हलली नाही. गाणं संपलं.

मग सुतळीनं तिचं तोंड आपल्याकडे वळवलं. "काय दिसलं?"

डिंकीनं शोधलं. अंधार होता, आणि तो भरलेला होता, एवढंच. रस्ता नाही, खिडकी नाही, माणूस नाही. उसनं घ्यायला मास्तरही नव्हती.

"छान," ती म्हणाली.

सुतळी तिच्याकडे बघतच राहिली. मग तिनं बोट दाराकडे केलं. स्वयंपाकघराकडे.

डिंकी उठली. पातेलं सापडलं, पाणी ठेवलं, चहाची पूड सापडली. साखर सापडेना. ती डबे उघडत राहिली. बाहेरून सुतळी काहीतरी म्हणाली असावी. हवेत आवाजाचा नुसता धक्का लागला, शब्द आलेच नाहीत.

"काय?" डिंकीनं विचारलं. विचारलं आणि हातातल्या डब्याचं झाकण घट्ट धरून उभी राहिली.

बाहेर काही हललं नाही. पाणी उकळायला लागलं होतं, त्याची वाफ दिसत होती. मग झोपलेल्या बबडीला खांद्यावर टाकून सुतळी दारात आली. चार पावलं चालून, शेगडीला वळसा घालून ती डिंकीच्या अगदी समोर उभी राहिली. उंच होती, म्हणून थोडी वाकली.

"साखर," ती म्हणाली, "वरच्या फळीवर आहे. मागच्या बाजूला."